ख्यालाची ध्वनिमुद्रणं: ऐकताना, तुलना करताना आणि मत देताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे मुख्यतः हिंदुस्थानी ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रणांचा विचार केला आहे: ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या, एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या नंतरच्या तबकड्या), आकाशवाणीवरची मुद्रणं आणि मैफलींच्या खाजगी टेपा. ठुमरी-नाट्यपदं अधूनमधून येतील. वादनाचं गणित बरंच वेगळं, त्यामुळे ते बाजूला ठेवलं आहे.

आवडलेल्या एखाद्या ध्वनिमुद्रणाबद्दल लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

पत्त्यापासून. ‘अमीर खाँसाहेबांचा मारवा काय आहे!’ एवढं लिहिलं की वाचणारा विचारणारच, कुठला मारवा? एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एचएमव्हीची एलपी, की एखाद्या मैफलीची टेप? भीमसेनजींनी पूरिया कल्याण, मुलतानी, शुद्ध कल्याण कितीदा गायले असतील त्याला गणती नाही. त्यातला तरुणपणीचा आणि सत्तरीतला, दोन्ही ‘भीमसेनांचा मुलतानी’ म्हणूनच फिरतात.

म्हणून निदान एवढं लिहा: गायक, राग, बंदिशीचं तोंड (चिजेचे पहिले शब्द), ताल, साथीला कोण, माध्यम, एकूण लांबी आणि माहीत असेल तर साल किंवा ठिकाण. तबकडी हातात असेल तर लेबलवरचा क्रमांक टिपा. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर, जिथे खाचा संपतात तिथे, आणखी एक क्रमांक कोरलेला असतो. तो मूळ साच्याचा क्रमांक. एकच गाणं वेगवेगळ्या लेबलांवर पुन्हा निघालं असेल तर दोन्ही एकच आहेत की नाही हे त्यावरून कळतं. एचएमव्हीच्या एलपीवर क्रमांकाआधी ‘ईएएलपी’ असेल तर मोनो, ‘ईएएसडी’ असेल तर स्टिरिओ.

त्यानंतर मिनिट आणि सेकंद द्या. ‘बढत (रागाचा टप्प्याटप्प्यानं विस्तार) सुंदर आहे’ यावर कुणाला काही बोलता येत नाही. ‘सहाव्या मिनिटाला मंद्र धैवतावर थांबून कोमल रिषभ घेतलाय, आणि षड्ज टाळलाय’ असं लिहिलंत तर पाच जण ती जागा लावून ऐकतील, दोघं कबूल होतील, एक भांडेल. चर्चा सुरू होते ती इथून.

राग ओळखता येत नसेल तर मत देऊच नये का?

जरूर द्यावं. रागाचं नाव येत नसेल तर बंदिशीचं तोंड लिहा, जाणकार राग सांगतील. उलट, लेबलवर किंवा व्हिडिओच्या शीर्षकात जे नाव आहे ते डोळे झाकून उतरवू नका. जोडरागांच्या बाबतीत तर शीर्षकं हमखास फसवतात, कारण अपलोड करणाऱ्याला दोनपैकी एकच अंग ऐकू आलेलं असतं. शंका असेल तर ‘शीर्षकात अमुक लिहिलंय’ असं म्हणून पुढे जा.

७८ च्या तबकडीवरचा ख्याल इतका घाईत का गायलेला असतो?

जागाच तेवढी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटं बसतात, बारा इंचीवर चार-साडेचार. आता हिशोब करा. विलंबित (संथ लयीच्या) एकतालात मात्रेला चार सेकंद धरली तर बारा मात्रांचं आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं. दहा इंचीवर जेमतेम चार आवर्तनं. त्यात स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) भरायची, अंतरा (दुसरा भाग) दाखवायचा, आलाप करायचा, ताना घ्यायच्या? अशक्यच. म्हणून बहुतेकांनी मध्य किंवा द्रुत लयीच्या बंदिशी निवडल्या, आणि अंतऱ्यावर लवकर उडी घेतली.

गौहरजानने १९०२ मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रण केलं तेव्हा गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. पुष्कळांना तो नखरा वाटतो. कारण व्यवहाराचं होतं: साचे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे, आणि तिथल्या कारागिरांना तबकडीवर कुणाचं नाव छापायचं ते ऐकूनच कळायचं.

१९२५ नंतर विजेवरचं मुद्रण, म्हणजे मायक्रोफोन आला. त्याआधी भोंग्यात तोंड घालून, मोठ्यानं, एका पातळीत गावं लागे. त्या काळच्या तबकड्यांवर तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि हळुवार श्रुतींची अपेक्षाही करू नये. भोंग्याच्या काळातलं गाणं ‘कर्कश’ म्हणून निकालात काढणाऱ्यानं आधी हे लक्षात घ्यावं.

मग तीन मिनिटांवरून गायकाला जोखता येतं का?

काही बाबतींत पुरेपूर, काही बाबतींत अजिबात नाही. आवाजाचा लगाव, सुराचा नेमकेपणा, तानेची जात, शब्द कसे टाकले आहेत, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कसं आलं आहे, हे सगळं तीन मिनिटांत उघडं पडतं. बढत, दमसास, एकेका सुरावर थांबून राग उलगडण्याची धीर धरणारी वृत्ती, हे दिसत नाही.

आमचं स्पष्ट मत: ७८ ची तबकडी हा ख्यालाचा तुकडा मानणं चूक आहे. ज्यांना ती जमली त्यांनी ती वेगळी, स्वतंत्र रचना म्हणून बांधली. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐका. पहिल्या सुरापासून वातावरण तयार आहे, कुठेही गडबड नाही, आणि शेवटी काही राहून गेलं असं वाटत नाही. फैयाज खाँसाहेबांचा ललत, ‘तरपत हूँ जैसे जल बिन मीन’, हाही असाच. तीन मिनिटांत आग्रा घराण्याची ऐट, बोल फेकण्याची पद्धत, आवाजाचा भारदस्तपणा, सगळं हजर.

केसरबाई केरकरांना ध्वनिमुद्रणाची फारशी आवड नव्हती, त्यामुळे त्यांच्या तबकड्या मोजक्याच. तरी नट कामोदातली ‘नेवर बाजो रे’ किंवा ललितागौरीतली ‘प्रीतम सैंया’ लावा आणि श्वास कुठे घेतला ते शोधून दाखवा. तानेची वीण अशी की सांधा सापडत नाही. व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत १९७७ साली गेलेली भैरवी ‘जात कहाँ हो’ही साडेतीन मिनिटांचीच आहे.

एक सावधगिरी. तबकडी एका वयातला आवाज टिपते. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावानं निघाल्या, त्यात आवाज बारीक, उंच, गोड आहे. पुढे घशाच्या उपचारानंतर आवाज खाली गेला आणि आपण ओळखतो तो मर्दानी भरदार आवाज आला. दोन्ही पाठोपाठ लावले तर नवखा माणूस एकच गायिका आहे हे मान्य करणार नाही.

एकच गाणं दोन ठिकाणी वेगळ्या पट्टीत ऐकू येतं. खरी पट्टी कुठली?

हा प्रश्न फार महत्त्वाचा, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. वेग सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. म्हणजे ७८ फेऱ्यांची तबकडी साधारण ८२.६ वर वाजली तर काळी एकचं (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचं) गाणं तिच्या पुढच्या पांढरी दोनमध्ये जातं, लय वाढते, आवाज कोवळा आणि पातळ होतो. त्यातून सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्याच नसत. सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही असू शकतं.

कॅसेट प्लेअर दोन-तीन टक्के पुढे-मागे असणं अगदी नेहमीचं. संगणकात घेताना ४४.१ ऐवजी ४८ किलोहर्ट्झचा घोळ झाला तर जवळजवळ नऊ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे दीड अर्धस्वर. अशा मुद्रणावरून ‘तरुणपणी किती चपळ तान होती!’ असं कौतुक केलेलं सर्रास वाचायला मिळतं.

बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरची तऱ्हा आणखी न्यारी. मैफल चालू असताना बॅटरी उतरत गेली की टेप हळूहळू मंद फिरते. तीच टेप घरी विजेवर नेहमीच्या वेगानं लावली की पट्टी वर वर सरकते. मध्यंतरापर्यंत गायक पाव स्वर चढलेला असतो, आणि ऐकणारा म्हणतो, बुवा रंगात आल्यावर सुटायचे!

तपासायचं कसं? तंबोऱ्यावरून नाही, कारण तोही गाण्याबरोबरच सरकलेला असतो. पुढच्या क्रमानं बघा:

१. साथीला पेटी असेल तर तिचा आधार घ्या. पेटीचे सूर ठरलेले. गायकाचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकत असेल तर वेगाचा संशय धरावा. पेटी जुनी आणि उतरलेली असू शकते, म्हणून हा पुरावा एकट्यानं पुरत नाही.

२. मैफलीच्या मुद्रणात विजेची घरघर असते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची. ऑडॅसिटीसारख्या प्रणालीत गाणं थांबलेल्या जागेचा वर्णपट काढा. घरघर ५२ वर दिसली तर मुद्रण चार टक्के जलद आहे. जुन्या काळी वीज स्वतःच ४९च्या आसपास डुगडुगायची, तेव्हा अर्ध्या-एक टक्क्यावरून वाद घालू नये.

३. त्याच गायकाचं, त्याच काळातलं, खात्रीचं दुसरं मुद्रण शेजारी ठेवा. पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते काळी दोनमध्ये, स्त्रिया काळी तीन ते काळी पाचमध्ये गातात. अपवाद आहेत, अब्दुल करीम खाँसाहेब उंच गात, पण कुणी रातोरात दोन पट्ट्या बदलत नाही.

४. शब्द ऐका. वेग चढला की व्यंजनं टोकदार होतात, ‘स’ शिट्टी मारतो, बोलण्याचा आवाज बालिश वाटतो. मध्येच गायक तबलजीशी काही बोलला असेल तर तो तुकडा सोन्याचा.

खरखर काढलेली स्वच्छ आवृत्ती चांगली, की मूळ खरखरीत?

ऐकण्याच्या सुखासाठी थोडी स्वच्छ केलेली चालेल. मत देण्यासाठी मूळच्या जवळची हवी. खरखर काढणारी प्रणाली जोरात लावली की आधी तंबोऱ्याच्या जवारीचा (तारांच्या झंकाराचा) वरचा भाग जातो, मग व्यंजनांची धार, मग आवाजाच्या शेवटाला राहणारा श्वास. उरतो तो कापसात गुंडाळलेला आवाज. सुरांच्या आसपास पाण्याखालून आल्यासारखी बुडबुड ऐकू आली तर समजा, सफाई जास्त झाली.

चरचर वेगळी, खरखर वेगळी. ओरखड्याचे टकटक आवाज काढल्यानं फारसं नुकसान होत नाही. सलग ‘श्श्श’ काढायला गेलं की गाणं मार खातं. मोनो तबकडी स्टिरिओ सुईनं वाजवून घेतली असेल तर दोन्ही वाहिन्या एकत्र करा. तेवढ्यानंच बराच कचरा कमी होतो, आणि गाण्याला धक्का लागत नाही.

घरात आजोबांच्या तबकड्या सापडल्या. लावून बघू का?

थांबा. ७८ ची तबकडी लाखेची असते आणि ती स्पिरिटनं, अल्कोहोलनं विरघळते. एलपी साफ करायचं अल्कोहोलयुक्त द्रावण तिच्यावर वापरलं तर तबकडी कायमची गेली. ऊर्ध्वपातित पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेनं पुसणं, लेबल कोरडं ठेवणं, आणि लगेच टिपून उभी वाळवणं.

एलपीची सुई ७८ ला लावू नका. ७८ ची खाच रुंद, तिला साधारण तीन हजारांश इंचाची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान. ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्यापेक्षा धूळच वाचते. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर वाजवायचंच असेल तर स्टीलची सुई दर बाजूला नवी. एकच सुई दहा तबकड्यांना चालवणारे लोक तबकडीचा भुगा करतात, आणि मग ‘काळी पडलेली तबकडी’ म्हणून विकतात. ठेवताना उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की खालच्या तडकतात.

स्टुडिओतलं मुद्रण श्रेष्ठ की मैफलीतलं?

‘मैफलीतलं’ असं उत्तर बहुतेक जण तयार ठेवून असतात, आणि अर्धं खरं आहे. समोर श्रोते असले की उपज (ऐनवेळची नवी कल्पना) सुचते, दाद मिळाली की गायक ती जागा परत वेगळ्या अंगानं दाखवतो. पण एलपीची शिस्तही स्वतंत्र गुण आहे. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, म्हणजे बडा ख्याल आणि छोटा ख्याल दोन्ही नेटके बसवायचे. किशोरीताईंच्या (किशोरी आमोणकर) भूपाच्या एलपीत आधी ‘प्रथम सुर साधे’ आणि मग ‘सहेला रे’. सैल काहीच नाही. गांधारावर येण्याआधीची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) प्रत्येक वेळी वेगळ्या लांबीची आहे, आणि ‘सहेला’ या हाकेला दर खेपेला वेगळी आर्तता. मैफलीत त्यांनी हाच राग अधिक विस्तारानं गायला असेल, पण एवढा घोटीव क्वचितच सापडेल.

आकाशवाणीची मुद्रणं ही तिसरी जात. नेमून दिलेली वेळ, श्रोते नाहीत, दाद नाही. पण शनिवारी रात्रीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, जो १९५२ साली सुरू झाला, दीड तास मिळे, आणि त्यातली काही गाणी गायकाच्या सर्वोत्तम गाण्यांत मोडतात. आकाशवाणीनं १९४० पासून सुमारे तीन दशकं पेटीवर बंदी घातली होती, म्हणून त्या काळच्या मुद्रणांत साथीला सारंगी. ‘पेटी नसल्यानं गाणं उघडं वाटतं’ अशी तक्रार करण्याआधी हे ठाऊक असावं. आमच्या मते सारंगीची संगत मींडेच्या गायकीला जास्त मानवते, पेटीप्रेमींनी रागावू नये.

दोन गायकांची तुलना करायची तर कशी?

राग, लय आणि शक्यतो बंदिश एक असू द्या. केसरबाईंची तीन मिनिटांची तबकडी आणि कुणाची तरी सत्तर मिनिटांची मैफल समोरासमोर ठेवून ‘हिच्यात विस्तार नाही’ म्हणणं हा अन्याय.

नमुना म्हणून वसंतातली ‘फगवा ब्रिज देखन को’ घ्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी आणि भीमसेनजींची पुढची मुद्रणं. हीच तबकडी लहानपणी ऐकून भीमसेन गाण्याकडे ओढले गेले, हे प्रसिद्धच आहे. आधी फक्त मुखडा (समेकडे नेणारे बंदिशीचे शब्द) ऐका, दोन्हींत तो किती मात्रा आधी उचलला आहे ते मोजा. मग आवाज कुठून येतो ते: खाँसाहेबांचा सूर नाजूक, किंचित नासिक्य, टोकाशी निमुळता होत जाणारा. भीमसेनांचा छातीतून, रुंद. मग ताना: कुठल्या सप्तकात सुरू होतात, गमकेच्या (सूर जोरानं हलवलेल्या) की सपाट, समेला कशा भिडतात. एवढं झाल्यावर ‘किराणा घराण्याचं काय राहिलं आणि भीमसेनांनी बाहेरून काय आणलं’ हा प्रश्न विचारा. त्याआधी नको.

राग वेगळे असतील तर निदान सूर सारखे असलेले घ्या. मारवा, पूरिया आणि सोहनी तिघांचेही सूर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, बाकी शुद्ध, पंचम नाही. मारव्यात रिषभ-धैवत बोलतात आणि षड्ज लपवलेला असतो. पूरियात गांधार-निषाद, गाणं मंद्राकडे झुकलेलं. सोहनी तार षड्जाभोवती. एका गायकाचा पूरिया आणि दुसऱ्याचा मारवा ऐकून ‘पहिला जास्त गंभीर’ असं ठरवलंत, तर तुम्ही रागांची तुलना केलीत, गायकांची नाही. भूप आणि देशकार यांचंही तेच: पाच सूर समान, पण भूपात वजन गांधारावर, देशकारात धैवतावर.

विलंबित ख्याल रटाळ वाटतो. काय चुकतंय?

बहुधा सम सापडत नसते. आधी ताल मोजायला शिका, राग नंतर. जयपूर घराण्याच्या गायकांचा तीनताल घ्या, लय फार खाली नसते. मात्रेला दोन सेकंद म्हटलं तरी सोळा मात्रांचं आवर्तन अर्ध्या मिनिटात संपतं. बोटांवर मोजत मुखडा कुठे येतो आणि सम कुठल्या अक्षरावर आहे ते पकडा. दहा आवर्तनं झाली की मोजणं आपोआप सुटतं. मल्लिकार्जुन मन्सूर यासाठी उत्तम: समेपासून समेपर्यंत गाणं अखंड वाहतं, रेंगाळणं नाही.

अमीर खाँसाहेबांचा झुमरा शेवटी ठेवा. चौदा मात्रा, अतिविलंबित. तिथे ठेका पार्श्वभूमीला जातो आणि आलापाचा एकेक टप्पा हेच आवर्तन होऊन बसतं. मारव्याच्या त्या एलपीत षड्ज किती वेळानं, किती ओझरता लागतो एवढंच पहिल्या खेपेला ऐका. कंटाळा यायला जागा राहणार नाही.

एखाद्या गाण्याला ‘बेसूर’ म्हणावं का?

क्वचित, आणि जागा दाखवूनच. तीन गोष्टी आधी वगळा: मुद्रणाचा वेग डुगडुगत असणं (टेप ताणलेली असली की लांब सूर लहरतो), रागातली हेतुपुरस्सर उतरती श्रुती (दरबारीचा आंदोलित कोमल गांधार पेटीच्या पट्टीवर बसणारच नाही), आणि वय. पंचाहत्तरीतल्या गायकाचा तार षड्ज कणसुर (किंचित ढळलेला) लागला तर ‘इथे कणसुर आहे’ म्हणा. माणूस बेसुरा ठरत नाही.

कुमार गंधर्व किंवा किशोरीताईंबद्दल मत दिलं की भांडणच होतं. का?

कारण दोघांनीही घराण्याची चौकट जाणूनबुजून हलवली. कुमारजी मुलगा असताना मोठमोठ्या गायकांच्या हुबेहूब नकला करत, म्हणजे परंपरा येत नव्हती असं म्हणायला वावच नाही. क्षयाच्या आजारानं काही वर्षं गाणं बंद होतं. देवासला राहून माळव्याची लोकगीतं कानात साठवली आणि परत उभे राहिले ते छोट्या-छोट्या, झटक्यानं येणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या स्वरवाक्यांसह. कुणी त्याला फुफ्फुसाची मर्यादा म्हणतं, कुणी शैली. दोन्ही एकत्र खरं असायला काहीच हरकत नाही, हे मात्र भांडणारे विसरतात.

मत देताना आक्षेप नेमका कशावर आहे ते सांगा: रागरूपावर, लयीवर, की आवाजाच्या लगावावर. ‘हे जयपूर नाहीच’ हे विधान किशोरीताईंबद्दल पुष्कळदा ऐकू येतं. असेलही, पण मग त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाईंचं त्याच रागाचं गाणं शेजारी लावून काय सुटलं ते दाखवावं.

अल्लादिया खाँसाहेब, भास्करबुवा बखले यांचं गाणं कुठे ऐकायला मिळेल?

मिळणार नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, तरी त्यांची एकही तबकडी बाजारात आली नाही. भास्करबुवा १९२२ साली गेले, त्यांचाही आवाज उपलब्ध नाही. त्यांच्याबद्दलचं प्रत्येक मत शिष्यांच्या गाण्यावरून किंवा लिखित आठवणींवरून बांधलेलं असतं. अल्लादिया खाँसाहेबांसाठी केसरबाई आणि मोगूबाई दोघींचं ऐकावं. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे शिकले, तेही धरावेत. तिघांत जे समान, ते बहुधा गुरूचं. मग लिहिताना ‘खाँसाहेब असं गात’ न म्हणता ‘शिष्यांवरून असं दिसतं’ म्हणावं.

सकाळचा राग रात्री ऐकून मत दिलं तर चालेल?

चालेल.

जुनं मुद्रण इतरांना पाठवणं कायदेशीर आहे का?

भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्यामुळे ७८ च्या बहुतेक तबकड्या मोकळ्या झाल्या आहेत. पण त्याच गाण्याची कंपनीनं नव्यानं साफ करून काढलेली सीडी तशीच उचलून पाठवू नका, मूळ तबकडीवरून केलेली प्रत पाठवा. खाजगी मैफलीच्या टेपा कधी प्रकाशितच झालेल्या नसतात, कलाकाराचे आणि वारसांचे हक्क तिथे वेगळे लागतात. अशा टेपेचा पत्ता आणि वेळ लिहा, ध्वनिफीत चव्हाट्यावर टाकण्याआधी परवानगी घ्या.

अगदी सुरुवातीला काय ऐकावं?

द. वि. पलुसकर. चौतीसाव्या वर्षी, १९५५ मध्ये गेले, पण जे आहे ते लख्ख आहे: राग पहिल्या मिनिटात स्पष्ट, शब्द कळतात, ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीची आठही अंगं अंगावर न येता भेटतात. त्यानंतर किशोरीताईंचा भूप, मग भीमसेनजींची कुठलीही मध्यंतरापूर्वीची मैफल. केसरबाई आणि फैयाज खाँ थोडा कान तयार झाल्यावर, नाहीतर खरखरीतच अडकायला होतं. नाट्यसंगीतावर वाढलेल्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘चंद्रिका ही जणू’ हा सोपा दरवाजा आहे, चाल ओळखीची असल्यामुळे लक्ष थेट सुराच्या लगावाकडे जातं.

दुर्मिळ मुद्रणं बाजारात नसतील तर?

मुंबईत एनसीपीएचा (राष्ट्रीय प्रयोगकला केंद्राचा) आणि दिल्लीत संगीत नाटक अकादमीचा ध्वनिसंग्रह आहे. जाण्याआधी विचारणा करून काय ऐकायचं त्याची यादी पाठवा: गायक, राग, साल. ‘जुनं काहीतरी चांगलं’ असं मागितलं तर हाती फार लागत नाही. तिथे बहुधा बसून ऐकायचं असतं, म्हणून घड्याळ आणि वही बरोबर ठेवा आणि मिनिट-सेकंद तिथल्या तिथे टिपून घ्या.